ध्वनिविज्ञान

मनुष्याच्या वागिंद्रियांतून उत्पन्न होणारे भाषिक ध्वनी कसे उच्चारले जातात, हवेतून कसे वाहून नेले जातात आणि श्रोत्याला कसे ऐकू येतात, याचा पद्धतशीर विचार करणारे शास्त्र. यांतील उच्चारणाचे अंग सर्वांत प्राचीन असून त्याची मुळे भारतात फार खोल गेलेली आहेत. वेदपठणात तिळमात्र फरक पडू नये या निकडीतून ‘शिक्षा’ हे वेदांग आणि निरनिराळ्या शाखांची प्रातिशाख्ये सिद्ध झाली. स्थान (उच्चाराची जागा), करण (उच्चार घडविणारा अवयव) आणि प्रयत्न (उच्चाराची रीत) या अंगांनी वर्णांचा तपशील लावताना, कंठद्वार उघडे असता श्वास आणि मिटलेले असता नाद उत्पन्न होतो, हे त्या आचार्यांनी कोणत्याही उपकरणावाचून ओळखले, ही गोष्ट खरोखर विस्मयकारक आहे. गळ्यावर बोटे ठेवून ‘स’ आणि मग ‘म’ लांबवून पाहावा, म्हणजे दुसऱ्या वेळी बोटांना जाणवणाऱ्या कंपनावरून हा भेद कोणालाही पडताळता येतो. कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने मांडलेली आपली २५ वर्गाक्षरे याच अभ्यासाचा वारसा होत.

पाश्चात्त्य देशांत या शास्त्राला निश्चित रूप आले ते एकोणिसाव्या शतकात. अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनीने तैत्तिरीय प्रातिशाख्याची सानुवाद आवृत्ती १८७१ मध्ये काढली, इंग्रज भाषाभ्यासक हेन्री स्वीटचा ध्वनिविज्ञानावरील पाठ्यग्रंथ १८७७ मध्ये निघाला आणि १८८६ मध्ये फ्रेंच भाषाभ्यासक पॉल पासीच्या पुढाकाराने पॅरिस येथे स्थापन झालेल्या मंडळाने पुढे एका ध्वनीला एकच चिन्ह देणारी आंतरराष्ट्रीय लिपी प्रचारात आणली. ध्वनिलहरींचे आलेख काढणारी यंत्रेही याच शतकात निघाली.

अशा लिपीची जरुरी मराठी भाषकाला विशेष पटावी, कारण आपल्या लेखनात च, ज आणि झ ही अक्षरे प्रत्येकी दोन ध्वनींचा भार वाहतात. ‘त्याचा’ म्हणताना जिभेचे टोक दातांच्या मुळाशी टेकते, तर ‘त्याची’ म्हणताना तिचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही तोच प्रकार. इ, ए, य यांच्यापूर्वी उच्चार तालव्य होतो, एवढा नियम सांगता येतो; परंतु ‘चंद्र’ तालव्य आणि ‘चांदणे’ दंत्य, किंवा वार्धक्यवाचक संस्कृत ‘जरा’ तालव्य आणि अरबी-फारसीतून आलेला, ‘थोडेसे’ या अर्थाचा ‘जरा’ दंत्य, हा भेद शब्दांच्या निरनिराळ्या पूर्वेतिहासातून आलेला असल्याने छापील पानावर त्याची कोणतीच खूण नसते आणि परभाषकाला तो जाणत्याच्या तोंडूनच ऐकून घ्यावा लागतो.