बिनगळाचा पत्रा

मिशिगन सरोवरावर ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत मासेमारी, करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक होडीवर एक वस्तू हमखास असते. वीतभर लांबीचा, चकचकीत, किंचित बाक दिलेला पत्रा. पुढच्या टोकाला मुख्य दोरी, मागच्या टोकाला लीडर म्हणजे आखूड दोरी आणि त्या लीडरच्या शेवटी गळ असलेलं छोटं आमिष. पत्र्याला स्वतःचा गळ नसतो. चालत्या होडीमागे खोल पाण्यात चमकत, हेलकावत राहून माशाला दुरून बोलावायचं, एवढंच त्याचं काम. इथले लोक त्याला डॉजर किंवा फ्लॅशर म्हणतात.

माझं माहेर देवगडचं. खाडीवर गरवायला जाणाऱ्यांच्या गरीला कोलंबी लावलेली मी लहानपणापासून पाहिली. पण ज्याने मासा धरताच येत नाही अशी वस्तू मुद्दाम पाण्यात सोडायची, हे मी मिशिगन सरोवराकाठच्या मस्कीगनला राहायला आल्यावरच पाहिलं. तेव्हापासून या पत्र्याचा माग काढत आले आहे.

गळ नसलेलं आमिष या प्रदेशाला मुळीच नवं नाही. इथले मूळ रहिवासी, अनिशिनाबे लोक, हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराला भोक पाडून त्यातून कोरलेला लाकडी मासा दोरीने खाली सोडत. तो पाहून खरा मासा जवळ आला की भाला मारत. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनीही ही विद्या उचलली. कॅडिलॅक गावचे ऑस्कर पीटरसन (१८८७–१९५१) यांनी असे हजारो मासे कोरले. पोटात शिसं ओतलेलं, पत्र्याचे पर, वर रंग. आज संग्राहक त्यांना लोककलेचे नमुने म्हणून जपतात, पण ते घडले भाला मारण्याच्या कामासाठी.

धातूच्या चमकीचं श्रेय सहसा ज्युलिओ ब्यूएल यांना देतात. व्हर्मॉन्टमधल्या बोमोसीन सरोवरात त्यांच्या हातून जेवणाचा चमचा पडला आणि बुडता बुडता त्यावर मोठ्या माशाने झडप घातली, अशी आख्यायिका आहे. चमचा पडला की नाही, कोण सांगणार! १८५२ साली त्यांनी ट्रोलिंगच्या चमच्याचं पेटंट घेतलं, हे मात्र पक्कं. त्या चमच्याला गळ होता. चमक आणि गळ वेगळे करायचे, चमकणारा पत्रा मोठा ठेवायचा आणि आमिष लहान, ही जोडणी पॅसिफिक किनाऱ्याकडच्या सॅमन धरणाऱ्यांनी खरी पिकवली. टकोमाच्या लेस डेव्हिस कंपनीचे हेरिंग डॉजर, हूड रिव्हरच्या लुअर जेन्सनच्या पत्र्यांच्या माळा, ही नावं तिकडची. एका तारेवर पानाच्या आकाराचे चार-पाच पत्रे गरगरत राहतात, त्या माळांना काउबेल म्हणतात.

मग ही पॅसिफिकची विद्या तीन हजार किलोमीटर आत, गोड्या पाण्यात कशी आली? ती आली एका संकटामागून. वेलँड कालवा रुंद-खोल झाल्यावर अटलांटिकचा सी लॅम्प्री वरच्या सरोवरांत घुसला. १९३६ मध्ये तो मिशिगन सरोवरात सापडला. माशाला तोंडाने चिकटून त्याचं रक्त शोषणारा हा जीव. त्याच्या जोडीला माणसांची बेसुमार मासेमारी होतीच. १९५० च्या दशकात मिशिगन सरोवरातला लेक ट्राउट संपला. खाणारा मासा गेल्यावर समुद्राकडून आलेला एलवाइफ हा हेरिंगच्या जातीतला छोटा मासा अफाट माजला. १९६७ च्या उन्हाळ्यात तर मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्याला लागले, शिकागोपर्यंत दुर्गंधी पसरली.

लॅम्प्रीच्या पिल्लांना मारणारं रसायन १९५० च्या दशकाच्या शेवटी सापडलं होतं. मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी पुढचं पाऊल उचललं. ओरेगनहून कोहो सॅमनची अंडी आणवली आणि १९६६ च्या वसंतात प्लॅट नदीत पिल्लं सोडली. एलवाइफवर ती अशी पोसली की पुढच्या वर्षीच्या शरदात किनाऱ्यावर माणसांची झुंबड उडाली. आमच्या शेजारी राहणारे निवृत्त फाउंड्री कामगार तेव्हा ऐन तरुण होते. ते सांगतात, लोक नदीत चालतील अशा लहान होड्या घेऊन सरोवरात शिरले. २३ सप्टेंबर १९६७ ला वादळ उठलं आणि सात जण बुडाले. ते बोलताना आजही त्यांचा आवाज खाली येतो.

मासा पॅसिफिकचा, म्हणून अवजारंही तिकडचीच मागवली गेली. पण समुद्रातल्या सवयी इथे जशाच्या तशा चालेनात. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि सॅमन खाली थंड थरात उतरतो. तिथे आमिष पोचवायला शिशाचा गोळा पोलादी तारेवर सोडणारा डाउनरिगर आला. त्या खोलीवर लाल रंग दिसेनासा होतो, हिरवा-निळा टिकतो. म्हणून इथले पत्रे हिरवे, पांढरे, पहाटेसाठी अंधारात चमकणाऱ्या रंगाचे झाले. भर उन्हात मात्र साधा क्रोमच बरा, असं माझं मत.

शेजाऱ्यांनी मला बांधणी शिकवली. डॉजर डावीउजवीकडे झुलला पाहिजे, पूर्ण गिरकी घेता कामा नये. फ्लॅशर मात्र गोल फिरण्यासाठीच असतो. त्यामुळे डॉजरला होडी हळू हवी, फ्लॅशरला थोडी वेगात. खरी मेख लीडरच्या लांबीत आहे. पत्रा हिसका देतो त्यामुळे मागचं आमिष, म्हणजे पिसांची माशी, जिवंत वाटते. लीडर लांब ठेवला की हिसका वाटेतच विरतो, फार आखूड ठेवला की माशी वेडीवाकडी फेकली जाते. आठ इंची डॉजरमागे दीड फुटाच्या आसपास, अकरा इंची फ्लॅशरमागे दोन फूट किंवा थोडा अधिक. लीडरची दोरी जाड आणि ताठ हवी, नाहीतर हिसका पोचतच नाही. दोन्ही टोकांना चांगले बॉलबेअरिंगचे स्विव्हल (फिरते जोड) हवेत, नाहीतर सगळ्या दोरीला पीळ बसतो. आणि खाली सोडण्याआधी होडीच्या कडेला पाण्यात धरून चाल बघायचीच. हे ते अजूनही दरवेळी करतात, मीही करते.

दिवस पुन्हा पालटले आहेत. २००३-०४ च्या सुमारास शेजारच्या ह्यूरन सरोवरातला एलवाइफ कोसळला आणि त्यामागून त्याच्यावर पोसलेला चिनुक जातीचा सॅमनही. मिशिगन सरोवरात ती वेळ येऊ नये म्हणून २०१३ मध्ये चिनुकची पिल्लं सोडणं निम्म्याच्या आसपास आणलं. एलवाइफ खाणाऱ्या लेक ट्राउटच्या अंड्यांत थायमिन हे जीवनसत्त्व कमी पडतं आणि पिल्लं जगत नाहीत. एलवाइफ हटल्यावर ह्यूरनमध्ये लेक ट्राउटची पिल्लं निसर्गतः जगू लागली. ट्राउट तळाशी राहतो, सावकाश ओढलेल्या आमिषाला येतो. त्यामुळे ज्यांचं मन ट्राउटवर आहे ते काउबेलच्या माळा काढतात.

पेटंटं कचेरीत सुरक्षित आहेत, कंपन्यांची सूचिपत्रंही कुणीतरी जपतं. पण कुठल्या पत्र्यामागे, कुठल्या महिन्यात, किती दोरी सोडायची, हा खरा इतिहास बांधणाऱ्यांच्या हातात आहे. शेजाऱ्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने लीडरच्या मापांच्या खुणा केलेल्या आहेत. माझ्या माहितीत त्यांची दुसरी नोंद कुठेही नाही. मुलांकडे मिशिगनला येणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे: उन्हाळ्यात इथे घराघरांपुढे जुन्या सामानाची विक्री लागते. तिथे एखादी मासेमारीची पेटी दिसली, तर ती घेण्याआधी मालकाला माशी किती मागे बांधत होतात हे विचारा आणि त्याचं उत्तर तारखेसकट लिहून पेटीतच ठेवा.