यन्शपिंग

यन्शपिंग हे दक्षिण स्वीडनमधील स्मोलांड प्रदेशातील एक शहर असून ते व्हेटर्न सरोवराच्या दक्षिण टोकाशी वसले आहे. यन्शपिंग परगण्याचे प्रशासकीय केंद्र येथेच आहे. शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख आहे. स्वीडनबाहेर हे गाव ओळखले जाते ते प्रामुख्याने काडेपेटीमुळे.

नाव आणि स्थान

स्विडिश भाषेत 'शपिंग' म्हणजे व्यापारपेठ. नावाचा पहिला भाग शहराच्या पश्चिमेकडील 'यूने' नावाच्या ओढ्यावरून आला आहे, म्हणजे ओढ्याकाठची पेठ असा साधा अर्थ होतो. व्हेटर्न हे स्वीडनमधील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे सरोवर होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर असून सर्वांत खोल भागी ते १२० मीटरहून अधिक खोल आहे. पाणी अत्यंत नितळ व थंड असल्याने काठावरील अनेक गावे पिण्यासाठी तेच वापरतात. शहराच्या मध्यभागी मुन्कशन हे छोटे तळे आहे. दोन पाण्यांमधील अरुंद भूपट्टीवर जुन्या शहराचा मध्य उभा आहे.

इतिहास

राजा माग्नुस लाडुलोस याने १८ मे १२८४ रोजी यन्शपिंगला नगराचे अधिकार दिले. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे मार्ग येथे एकत्र येत असल्याने व्यापार वाढला. मात्र डेन्मार्कची तत्कालीन सीमा फार दूर नसल्यामुळे शत्रूचे सैन्यही याच वाटांनी येई. कालमार युद्धात, १६१२ साली, डॅनिश सैन्य चालून येत असता ते शत्रूच्या हाती लागू नये म्हणून स्वीडिशांनीच शहर पेटवून दिले. त्यानंतर राजा दुसरा गुस्ताव्ह आडोल्फ याच्या काळात ते पूर्वेला सरकवून नव्याने वसवण्यात आले. १६३४ मध्ये येथे योटा अपील न्यायालय स्थापन झाले व ते आजही कार्यरत आहे. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यातील १८०९ चा तहही याच शहरात झाला.

काडेपेटीचा उद्योग

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वापरात असलेल्या आगकाड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस असे. तो विषारी होता आणि कोणत्याही खरखरीत पृष्ठभागावर घासताच पेट घेई. कारखान्यांतील कामगारांना त्याच्या वाफेमुळे जबड्याचे हाड कुजण्याचा भयंकर विकार जडत असे. १८४४ मध्ये स्विडिश रसायनशास्त्रज्ञ गुस्ताफ एरिक पाश यांनी निरुपद्रवी तांबड्या फॉस्फरसचा उपयोग सुचवला, तोही काडीवर नव्हे, तर घासण्याच्या पट्टीवर. काडी आणि पट्टी वेगळ्या राहिल्याने ती अनवधानाने पेटेनाशी झाली. ही कल्पना व्यवहारात उतरवली ती योहान एडवर्ड व कार्ल फ्रान्स लुंडस्ट्रोम या बंधूंनी यन्शपिंगच्या सरोवरकाठच्या कारखान्यात. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या 'सुरक्षित' आगकाड्यांना पदक मिळाले.

मात्र सुरक्षित काडी आली म्हणून जुनी लगेच गेली नाही. स्वस्त असल्याने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या कित्येक दशके बाजारात राहिल्या, आणि त्यांवर आंतरराष्ट्रीय बंदीचा करार बर्न येथे १९०६ मध्ये झाला. रासायनिक शोध लागल्यानंतर साठ वर्षे कामगारांच्या हाडांनी त्याची किंमत मोजली, हे काडेपेटीचा इतिहास सांगताना सहसा गाळले जाते.

काड्यांसाठी ॲस्पेन वृक्षाचे लाकूड वापरत. पेट्या चिकटवण्याचे काम बायका आणि मुले घरोघरी करीत, त्यामुळे कारखान्याचा पगार मिळणाऱ्यांपेक्षा त्यावर जगणारी घरे कितीतरी अधिक होती. पुढे अलेक्झांडर लागरमन या अभियंत्याने १८९२ मध्ये लाकूड आत घालून भरलेल्या पेट्या बाहेर काढणारे यंत्र तयार केले आणि पुष्कळसे हातकाम संपले. १९१७ मध्ये ईव्हार क्रॉयगर यांनी देशातील कारखाने एका कंपनीत आणले. याच स्विडिश उद्योगाने १९२० च्या दशकात भारतात वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच 'विमको', उभी केली. तिचा एक कारखाना मुंबईजवळ अंबरनाथ येथे होता. मराठी वाचकांपैकी अनेकांच्या घरी चूल पेटली ती या नात्याने. क्रॉयगर यांचे आर्थिक साम्राज्य १९३२ मध्ये त्यांच्या मृत्यूबरोबर कोसळले.

यन्शपिंगमधील उत्पादन १९७० च्या दशकाच्या प्रारंभी बंद झाले. जुन्या कारखान्याच्या एका लाकडी इमारतीत आता काडेपेटी संग्रहालय आहे, आणि भोवतालच्या वास्तूंमध्ये उपाहारगृहे व कार्यालये आहेत.

परिसर

पूर्वेला लागून असलेल्या हुसक्वार्ना गावी धबधब्याच्या शक्तीवर १६८९ पासून बंदुका बनत. त्याच कारखान्यातून पुढे शिवणयंत्रे, सायकली, मोटारसायकली आणि झाडे तोडण्याच्या यांत्रिक करवती निघाल्या. उत्तरेकडील ग्रेना हे गाव लाल-पांढऱ्या पेपरमिंट कांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. १८५९ साली पतिनिधनानंतर अमालिया एरिक्सन या महिलेने उपजीविकेसाठी ती विकण्यास आरंभ केला. १९७१ मध्ये ही तीनही गावे एका नगरपालिकेत आली.

लोकजीवन

शहराची ओळख धार्मिक चळवळींमुळेही आहे. राजमान्य चर्चपासून स्वतंत्र असलेल्या मंडळ्यांचे येथे इतके प्राबल्य होते, की त्याला 'स्मोलांडचे जेरुसलेम' म्हटले जाऊ लागले. आजचे शहर मात्र विद्यापीठ, आइस हॉकीचा संघ 'एचव्ही ७१' आणि एल्मिया प्रदर्शन केंद्र यांच्याभोवती फिरते. मुन्कशनकाठी २०११ मध्ये सुरू झालेले 'स्पिरा' हे नाट्य-संगीतगृह आहे. जूनअखेरीस सूर्य जवळजवळ अठरा तास आकाशात असतो, तेव्हा लोक कामावरून सुटून शहरातल्या वाळूच्या किनाऱ्यावर जातात, जरी पाणी उन्हाळ्यातही थंडच असते. डिसेंबरात प्रकाश जेमतेम साडेसहा तास मिळतो.

कादंबरीकार व्हिक्टर रुडबर्ग (१८२८) आणि संयुक्त राष्ट्रांचे दुसरे सरचिटणीस डाग हामरशल्ड (१९०५) यांचा जन्म येथे झाला. हामरशल्ड यांचे वडील त्या वेळी योटा न्यायालयाचे अध्यक्ष होते. 'ॲबा' या गायनवृंदातील आग्नेथा फेल्टस्कोग (१९५०) याही येथल्याच.

सरोवर आणि शहर

हिमयुगात बर्फाच्या ओझ्याने दबलेली स्कँडिनेव्हियाची भूमी अद्याप वर येत आहे आणि उत्तरेकडे ती अधिक वेगाने उंचावते. परिणामी व्हेटर्नचे पात्र हळूहळू दक्षिणेकडे कलत असून पाणी यन्शपिंगच्या बाजूला चढत आहे. उत्तरेच्या वाऱ्यात सरोवराच्या लाटा किनारा कुरतडतात, म्हणून मध्यवर्ती किनाऱ्यालगतचे बांधकाम, रस्ते आणि रेल्वेस्थानक यांच्या नियोजनात सरोवराच्या पातळीचा विचार करावा लागतो.