बाळंतिणीचा कायदा आणि खाचरातली आई

निडीच्या खाचरांत माझी आई पोटुशी असतानाही लावणीला वाकत असे. बाळंत झाल्यावर बाराव्या दिवशी ती पुन्हा चिखलात. मजुरी बुडाली की चूल थंड. माझा तान्हा भाऊ त्याच पावसाळ्यात गेला. त्याची नोंद कुठल्या इतिहासात असणार? म्हणून मी कायद्यांचा इतिहास त्याच्या बाजूने वाचतो.

1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले, की आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे. तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. 1929 साली कायदा झाला, पण कारखान्यातल्या स्त्रीपुरता. 1938 साली बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

1971 च्या कायद्याने गर्भपाताला अटींवर मान्यता दिली. 1995 च्या दुरुस्तीने अशा गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. पण पगार कुणाला? रोजाने राबणाऱ्या शेतमजूर बाईला रजा कोण देणार?

2011 साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताला तीस दिवस मोफत उपचार आणि वाहन देऊ केले. ही गोष्ट लहान नाही. माझ्या भावाला तेवढेही नव्हते. तरी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईची बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही.

बाबासाहेबांनी भार सरकारवर टाकला होता. तो खाचरापर्यंत न्यायला लावणे, हे आपले राहिलेले काम आहे.