धरणीकंपाचें माप

१२ जून १८९७ रोजीं सायंकाळीं सवापांचच्या सुमारास शिलाँगचें पठार हादरलें. शहरांतील दगडी इमारती पाहतां पाहतां ढिगारे होऊन पडल्या. या आपत्तीचा तपास भारतीय भूगर्भ-संशोधन खात्याचे रिचर्ड ओल्डहॅम यांनीं केला, आणि भूकंपाच्या शास्त्राला तेथून नवें वळण लागलें.

उलथलेलीं थडगीं, मोडलेले खांब व जागेवरून उसळलेले दगड हेच ओल्डहॅम यांचे साक्षीदार होते. कांहीं दगड खांचेंतून वर उडालेले आढळले. म्हणजे जमिनीच्या हिसक्यानें तेथें गुरुत्वाकर्षणावरहि मात केली होती. दूर युरोपांतील यंत्रांनींहि हा कंप टिपला होता. अशा नोंदी ताडून, भूकंपाच्या लाटा तीन प्रकारच्या असून त्या वेगवेगळ्या गतीनें येतात, हें त्यांनीं १९०० मध्यें दाखविलें.

परंतु या लाटा उठतात कशा? भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला रेटीत आहे. त्या दाबानें खडक धनुष्यासारखा वांकत जातो. ताण असह्य झाला कीं तो भेगेवर एकाएकीं सरकतो आणि सांचलेली शक्ति लाटांच्या रूपानें मोकळी होते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपावरून हॅरी रीड यांनीं ही उपपत्ति मांडली.

भूकंपाचीं मापें दोन. एक तीव्रतेचें: अमुक गांवीं काय पडलें, काय टिकलें, यावरून ती ठरते व गांवोगांव बदलते. इटलीच्या मेर्काल्ली यांची श्रेणी याच जातीची. दुसरें महत्तेचें: चार्ल्स रिश्टर यांनीं १९३५ मध्यें यंत्रावरील रेषेची उंची व भूकंपाचें अंतर यांवरून तें बसविलें. यांत एक अंक वाढला कीं रेषा दहापट उंच आणि शक्ति सुमारें बत्तीसपट होते. पुढें मोठ्या भूकंपांसाठीं सरकलेल्या भेगेचें क्षेत्रफळ व खडक किती सरकला यांवरून महत्ता काढण्याची रीत आली.

शिलाँगच्या भूकंपाची महत्ता आठच्या आसपास मानतात. त्यांत सुमारें १,५०० माणसें दगावलीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस झालेल्या भूकंपाची महत्ता अवघी ६.२ होती. शक्ति शेकडो पटींनीं कमी, तरी मृतांचा आंकडा आठ ते दहा हजारांच्या घरांत गेला. शिलाँगला वेळ दिवसाउजेडाची होती, पुष्कळ लोक बाहेर होते, आणि लांकडी सांगाड्याच्या व कुडाच्या भिंतींच्या घरांनीं धक्का बराचसा सोसला. किल्लारीचे लोक पहाटे झोपेंत होते, आणि डोक्यावर माळवदाचें ओझें पेलणाऱ्या दगडमातीच्या भिंती त्यांच्यावर कोसळल्या.

यंत्र भूकंपाचें बळ सांगतें. मनुष्यहानि किती होईल, तें मात्र भिंतीच ठरवितात.