आशाताई, तुमचा थकवा तपासून घ्या

मोवाड असो की जलालखेडा, नरखेड तालुक्यातल्या गावात रात्री कळा सुरू झाल्या की फोन आशाताईंना जातो. २००५ पासूनच्या या योजनेत साधारण १००० लोकसंख्येमागे एक आशा असते. कामाला ठरावीक वेळ नाही आणि मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. त्यातून ताण साचतो.

लक्षणे ओळखा
जागतिक आरोग्य संघटना ‘बर्नआउट’ला आजार नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था मानते. त्याच्या तीन खुणा आहेत: न उतरणारा थकवा, कामाबद्दल तिटकारा आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असे वाटणे.

आधी तपासणी
थकवा ताणामुळेच आहे असे गृहीत धरू नका. तुम्ही गावाला लोहाच्या गोळ्या वाटता. स्वतःचे हिमोग्लोबिन शेवटचे केव्हा तपासले? सोबत रक्तदाब, साखर आणि थायरॉइडही पाहून घ्या.

काय करावे
- तातडीचे नसलेले फोन घेण्याची वेळ ठरवा आणि ती गावाला सांगा.
- कामाचा बोजा व थकीत मोबदला गटप्रवर्तकांना लेखी कळवा. प्राणायामाने मन शांत होईल, थकबाकी मिळणार नाही.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?
झोप न लागणे, उदासी किंवा सतत रडू येणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर. जीव नकोसा वाटला तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी या. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून २४ तास सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येते.