खेरांना विचारलेला जाब

शहापूर-मुरबाडात खोतापेक्षा जाच सावकार-मालकाचा. कुळाने राबायचे अन् भात मालकाच्या खळ्यावर टाकायचे! याची दाद मुंबईच्या कायदेमंडळात कोण मागणार? १९३७ साली इलाख्याचे पंतप्रधान (मुख्यमंत्र्याला तेव्हा असेच म्हणत) बाळासाहेब खेर. विरोधी बाकावर डॉ. आंबेडकर. १७ सप्टेंबरला त्यांनी खोती मोडण्याचे विधेयक मांडले. ते पुढे सरकेना. मग १० जानेवारी १९३८ रोजी ठाणे, कुलाबा, रत्नागिरीकडचे हजारो शेतकरी थेट कौन्सिल हॉलवर गेले, आणि आंबेडकरांनी शिष्टमंडळासह खेरांपुढे कुळांच्याही मागण्या ठेवल्या. खेर माणूस सज्जन; पण सज्जनालाही जाब विचारावा लागतोच की! १९४८ साली नवा कूळकायदा झाला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली. तेव्हाही सरकारचे प्रमुख खेरच होते.