पाचोळ्यातलं चिलखत

कोळी म्हटला की जाळं आलंच. उपनिषदातला ऊर्णनाभि पोटातून धागा काढतो आणि पुन्हा गिळून टाकतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांतही कोळी आहे. एकनाथ महाराजांनी त्या स्कंधावर टीका लिहिली आणि तो मराठी घराघरांत पोचला. आमच्या घरी कोळ्याला मारायची बंदी होती. हिजरतीच्या वेळी प्रेषित सौर नावाच्या डोंगरातल्या गुहेत असताना कोळ्यानं गुहेच्या तोंडावर जाळं विणलं आणि पाठलागावर आलेले लोक ते पाहून मागे फिरले, ही गोष्ट मुसलमान घरातली पोरं आजीच्या मांडीवर ऐकतात. कुराणातल्या एका अध्यायाचं नावच मुळी 'अल-अनकबूत', म्हणजे कोळी. पुढे शाळेत स्कॉटलंडचा रॉबर्ट ब्रूस भेटतो, त्याला धीर देणारा कोळीही जाळ्याचाच.

आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे, त्या कोळ्याच्या नावावर अशी एकही गोष्ट जमा नाही. तो छताच्या कोपऱ्यात जाळं टांगत नाही, अंगावर चढून घाबरवत नाही. तो राहतो जंगलातल्या पाचोळ्याच्या खालच्या, ओलसर थरात. अंगानं जेमतेम एक-दीड मिलिमीटर. मोहरीचा दाणा त्याच्यापेक्षा थोराड वाटावा! रंग तांबूस तपकिरी. साध्या कोळ्याचं पोट मऊ, पिशवीसारखं असतं. याच्या पोटावर मात्र वरून, खालून आणि बाजूंनी कडक पट्ट्या असतात, जुन्या काळच्या शिपायाच्या चिलखतासारख्या. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे, याला चारच, तेही डोक्याच्या मधोमध एकमेकांना खेटून. शास्त्रज्ञांनी या प्रजातीला 'टेट्राब्लेमा' असं ग्रीक नाव दिलं आहे. त्याचा अर्थ चार नजरा. एखाद्या गझलेत सहज खपून जाईल असं हे नाव कोण्या शायराला सुचलं नाही, एका पाद्र्याला सुचलं.

त्या पाद्र्याचं नाव ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात ब्लॉक्सवर्थ नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या चर्चचे ते धर्मगुरू. 1868पासून 1917मध्ये डोळे मिटेपर्यंत ते त्या गावी राहिले. रविवारी प्रवचन आणि उरलेले दिवस कोळी, असा त्यांचा शिरस्ता असावा. डार्विननं आपल्या ग्रंथात त्यांचा हवाला दिला आहे. जगभरातून त्यांच्याकडे कोळी येत. सिलोनमध्ये पेरादेनियाच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख थ्वेट्स हे असेच एक पाठवणारे. 1873मध्ये केंब्रिज यांनी सिलोनच्या एका चार डोळ्यांच्या कोळ्याचं वर्णन छापलं आणि 'टेट्राब्लेमा मेडिओक्युलाटम' हे नाव जन्माला आलं. आपल्या भागातल्या या जिवाची पहिली नोंद झाली ती अशी, समुद्रापलीकडच्या एका खेड्यातल्या टेबलावर.

पॅरिसचे यूजेन सायमन यांची रीत वेगळी. कोळ्यांच्या अभ्यासातलं हे फार मोठं नाव. 1892च्या जानेवारी-फेब्रुवारीत ते स्वतः सिलोनला आले, फिरले, आणि पुढे कितीतरी बारीक कोळ्यांना त्यांनी नावं दिली. पण डोळ्यांनी शोधून आणि चिमट्यानं उचलून किती सापडणार? एक मिलिमीटरचा जीव, तोही पाचोळ्याच्याच रंगाचा.

हा प्रश्न सोडवला तो इटलीच्या अंतोनिओ बर्लेसे यांनी, 1905मध्ये. त्यांनी एक मोठं नरसाळं घेतलं, त्यात चाळणी बसवली, चाळणीवर पाचोळा पसरला आणि नरसाळ्याला ऊब दिली. पाचोळा सुकू लागला तसे त्यातले जीव ओलाव्याच्या शोधात खाली खाली सरकले आणि शेवटी नरसाळ्याच्या तोंडातून बाटलीत पडले. 1918मध्ये स्वीडनच्या टुलग्रेन यांनी वर विजेचा दिवा लावून ही युक्ती आणखी सोपी केली. आमच्या भंडाऱ्यात धानाचा जिल्हा म्हणून सूप आणि चाळणी घरोघर. पाखडताना हलकं काय उडतं, जड काय राहतं, हे इथल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. बर्लेसेचं नरसाळं तिला पहिल्याच नजरेत कळेल. या साध्या साधनानं जमिनीवरच्या जीवसृष्टीचं चित्र पार पालटलं. रिकामा समजला जाणारा पाचोळा गजबजलेला निघाला.

याची गंमत पुढे भारतातही झाली. जिनिव्हाच्या संग्रहालयातले इव्हान ल्योब्ल हे मुळात भुंगेऱ्यांचे जाणकार. बारीक भुंगेऱ्यांसाठी पाचोळा चाळायचा, तर त्यातून कोळीही यायचेच. 1980मध्ये बॉर्न या संशोधकानं उत्तर भारतातले नवे चिलखती कोळी प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका टेट्राब्लेमाला त्यांनी ल्योब्ल यांचं नाव दिलं आणि जवळच्या एका नव्या प्रजातीचं नाव ठेवलं 'इंडिकोब्लेमा', म्हणजे हिंदुस्थानी नजर! पुढच्याच वर्षी, 1981मध्ये, फिनलंडच्या पेक्का लेहतिनेन यांनी या अख्ख्या कुळाची जगभराची फेरतपासणी छापली. त्यात कोचीन आणि गंगा या नावांचे दोन पोटप्रकारही आले.

महाराष्ट्राचं पान त्याच्या आधीच लिहिलं गेलं होतं. ते लिहिणारे होते बेनॉय कृष्ण टिकादर. माणूस बंगाली, पण भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात 1963 साली त्यांनी महाराष्ट्र आणि म्हैसूर राज्यांतल्या कोळ्यांवर लेख लिहिला. पुढे ते या सर्वेक्षणाचे संचालक झाले, आणि 1987मध्ये आलेलं त्यांचं भारतीय कोळ्यांवरचं पुस्तक विद्यार्थी वर्षानुवर्षं वापरत आले. कोळ्यांसाठी असा सरकारी माणूस मिळणं हे आपलं भाग्यच म्हणायचं. तर या टिकादरांनी 1976मध्ये एका जातीला नाव दिलं. आज तिला 'टेट्राब्लेमा डेक्कनेन्से' म्हणतात. दख्खनची चार-नजर. केंब्रिजच्या सिलोनी कोळ्यानंतर 103 वर्षांनी या प्रजातीच्या यादीत दख्खन उमटलं.

भूगोलाचे मास्तर इथे मला अडवतील. दख्खनचा काळा कातळ नागपूरपाशी संपतो आणि वैनगंगेकाठचा भंडारा त्याच्या पलीकडे, त्याहून जुन्या दगडावर बसला आहे. मान्य. पण वयाची गोष्ट निघालीच आहे तर हेही ऐका. म्यानमारच्या काचिन भागात झाडाच्या गोठलेल्या डिंकाचे, म्हणजे अंबराचे, खडे सापडतात. त्यांचं वय सुमारे 9 कोटी 90 लाख वर्षं. त्या खड्यांत या चिलखती कुळाचे कोळी जसेच्या तसे अडकलेले मिळाले आहेत. दख्खनचा काळा लाव्हा वाहिला तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. म्हणजे ज्या कातळाचं नाव टिकादरांनी या कोळ्याला दिलं, त्या कातळापेक्षा कोळ्याचं घराणं जुनं आहे.

इतकी वर्षं हे चिलखत टिकलं कसं? एवढ्या लहान जिवाला सगळ्यात मोठं भय सुकण्याचं. कडक पट्ट्यांनी अंगातलं पाणी धरून राहत असावं, आणि मुंग्यांच्या जबड्यांपासूनही बचाव होत असावा, असा जाणकारांचा तर्क आहे. आगीपुढे मात्र हे चिलखत कामाचं नाही.

आणि आग आमच्याकडे दरसाल येते. उन्हाळ्याच्या तोंडावर साग, ऐन, धावडा, तेंदू पानं टाकतात, जंगल पायाखाली वाजू लागतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुलं स्वच्छ जमिनीवर दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची जुनी चाल आहे. तेंदूला कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणूनही रान पेटवलं जातं. त्या पानांवर आमच्या जिल्ह्यातली विडी वळली जाते, कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. तेंदूचा व्यापार सरकारनं 1969च्या कायद्यानं आपल्या नियंत्रणात आणला, 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. पण झाडाखालच्या पाचोळ्याचा वाली कोण, हे कुठल्या कायद्यात शोधायचं? पहाटे टोपलं घेऊन मोह वेचायला जाणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. तिला त्या फुलांतून मीठ-मिरची आणायची असते. जुनी लुगडी किंवा जाळी झाडाखाली अंथरली तरी मोह वेचता येतो, आणि तेंदूची झुडपं फेब्रुवारी-मार्चमध्ये बुंध्याशी छाटली तर आगीवाचूनही पालवी चांगली फुटते. हे जंगलखात्याला ठाऊक आहे, गावालाही ठाऊक आहे. जाळीला पैसे लागतात, छाटणीला मजुरी लागते, आणि काडीपेटी स्वस्त असते.

वाघासाठी आपण पुष्कळ केलं. 2013मध्ये भंडारा जिल्ह्यात कोका अभयारण्य झालं, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. चांगलं झालं. वाघ पाहायला जिप्सी लागते, परवाना लागतो. पाचोळा पाहायला त्याहून पुष्कळ कमी लागतं. गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी पाऊस पडून गेल्यावर, श्रावणात वगैरे, शिवारातल्या एखाद्या मोहाखालचा ओला पाचोळा पिशवीभर आणावा. प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीचं बूड कापून ती उलटी धरली की नरसाळं झालं. आत जाळीचा तुकडा बसवावा, त्यावर पाचोळा ठेवावा, खाली प्रयोगशाळेतल्या स्पिरिटची लहान बाटली आणि वर 40 वॅटचा जुना पिवळा दिवा. नवा एलईडी चालणार नाही, तो ऊब देत नाही. दिवा पाचोळ्याच्या फार जवळ नको. तीन-चार दिवस तो जळू द्यावा. मग खालची बाटली पांढऱ्या बशीत ओतावी आणि पोरांच्या हाती दहापट मोठं दाखवणारं भिंग द्यावं.